गाडी उंचावर ठेवायची होती

बुधवारी दुपारी दुबईतल्या आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर हवामानाचा नकाशा आला आणि मी हातातलं काम सोडून तो मोठा करून पाहिला. अख्ख्या देशावर पिवळा रंग, रस अल खैमा आणि फुजैराच्या डोंगरांवर नारिंगी. खाली लिहिलं होतं : शनिवार संध्याकाळपासून अस्थिर हवामान, विजांसह पाऊस, काही ठिकाणी गारा, डोंगरमाथ्यावर तापमान शून्याच्या आसपास, जोरदार वारा, धूळ, समोरचं कमी दिसणं आणि वाद्या वाहण्याची शक्यता. वादी म्हणजे इथली डोंगरातली कोरडी नदी. वर्षातले तीनशे साठ दिवस तिच्यात बकऱ्या फिरतात. उरलेल्या पाच दिवसांतल्या एका दिवसाची ही हकीकत आहे.

मी मूळचा दापोलीकडचा. पावसाला घाबरणारा माणूस आमच्या गावात जन्माला येत नाही असं म्हणतात. पण गावच्या पावसाला कुठे जायचं ते ठाऊक असतं. तो पऱ्ह्यात जातो, खाडीत जातो. दुबईतल्या पावसाला कुणी पत्ताच दिलेला नाही, त्यामुळे तो पार्किंगमध्ये येतो. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलात तो अल कुसैसमध्ये आमच्या पार्किंगमध्ये आला तेव्हा मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून माझी गाडी बुडताना पाहिली. आधी तिचे दिवे आपोआप लागले. मग हॉर्न वाजायला लागला. अकरा मिनिटं वाजला आणि मग आवाज बारीक होत होत बंद झाला. घरात मय्यत झाल्यासारखा मी चार दिवस बसून होतो. तेव्हापासून आकाशात कापसाएवढा ढग दिसला तरी मी खाली जाऊन नव्या गाडीच्या टायरला हात लावून येतो.

म्हणून या वेळी मी ठरवलं, गाडी उंचावर ठेवायची. एवढीच योजना होती. एका माणसाने एक गाडी दोन दिवस उंच जागी नेऊन ठेवणं, यात अवघड काय आहे?

पहिल्या मजल्यावरचे अनिल टिपणीस म्हणाले, "फ्लायओव्हरवर लाव." टिपणीस एसीच्या कंपनीत आहेत, म्हणजे हवा हा त्यांचा विषय आहे असं ते स्वतःच ठरवून चुकले आहेत. फ्लायओव्हरवर गाडी लावणं हा गुन्हा आहे असं मी म्हटल्यावर ते म्हणाले, "गुन्हा आहे, पण कोरडा आहे." त्यांची मिसेस अपर्णा वहिनी यांनी गारांचा मुद्दा काढला. मागे अल ऐनला गारा पडल्या तेव्हा लोकांनी गाड्यांवर गाद्या बांधल्या होत्या म्हणे. त्यांनी तेव्हाच्या तेव्हा दोन जुन्या गोधड्या आणि नायलॉनची दोरी आणून माझ्या हातात दिली. नको म्हणायची सोय नव्हती.

मग मी एका मॉलच्या ऑफिसात गेलो. त्यांचं पार्किंग पाच मजली. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म उघडला. मुल्किया म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड, एमिरेट्स आयडी, घराचा करार, सगळं मी नेलंच होतं. पंधरा वर्षं कार्गो कंपनीत कागदपत्रांचंच काम करतोय. शेवटी तिने विचारलं, "रीझन, सर?"

"फिअर ऑफ रेन," मी म्हटलं.

तिने स्क्रीन वरखाली केला. "सर, फिअर यादीत नाही. शॉपिंग, सिनेमा, क्लिनिक, किंवा अदर."

"मग अदर."

"अदरला मॅनेजरची सही लागते. मॅनेजर सोमवारी येणार."

"पाऊस शनिवारी येणार आहे."

"आय अंडरस्टँड, सर," ती इतक्या मनापासून म्हणाली की मला तिच्यावर रागावताही येईना.

हा सगळा तमाशा आमचे सासरे, अजीज परकार, सोफ्यावर पाय घेऊन तीन दिवस बघत होते. ते व्हिजिट व्हिसावर आले होते. वय बहात्तर. चौतीस वर्षं मालवाहू बोटींवर काढलेली, शेवटची दहा सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या म्हणून. माझ्या मोबाईलमध्ये हवामानाची तीन ॲप आहेत. अब्बा ती बघून नाकाने फक्त हवा सोडत.

"अरे मुबीन, एवढ्याशा गाडीसाठी केवढी धावपळ? आपल्या उमरकडे ने ना. डोंगरावर आहे तो."

उमर हा माझ्या बायकोचा, शहरबानूचा, मावसभाऊ. रस अल खैमाच्या डोंगरात दगडाच्या खाणीवर सुपरवायझर. फोन केला तर म्हणाला, "यल्ला, घेऊन या भावजी! डंपरचं शेड आहे, वर पक्कं छप्पर. इथे पाणी चढायचं म्हणजे कयामतच यायला हवी. चहा प्या, गाडी ठेवा, मी तुम्हाला कंपनीच्या पिकअपने परत सोडतो."

मी तिन्ही ॲप तपासली. पाऊस शनिवारी संध्याकाळी सहानंतर. सकाळी नऊला निघायचं, साडेदहाला शेडमध्ये गाडी, दुपारी जेवायला घरी. हे मी कागदावर लिहून फ्रिजला लावलं.

निघालो पावणेबाराला. शहरबानूने उमरसाठी बिर्याणीचा डबा केला, त्या बिर्याणीला दम द्यायला वेळ लागला. मुलगी हिबा, वय पंधरा, हिला उठवायला त्याहून जास्त. अब्बांना डोंगर बघायचा होता म्हणून सगळेच निघाले. अब्बांनी स्वेटर घातला नाही, हातात घेतला. "मला थंडी शिकवू नकोस. मी बाल्टिक समुद्र बघितलाय." मग खाली टिपणिसांनी गाडी थांबवून निरोप दिला, जणू आम्ही हजला निघालो होतो.

रस अल खैमा येईपर्यंत वर आकाश स्वच्छ होतं, पण समोरचे डोंगर दिसत नव्हते. डोंगर जिथे असायला हवे तिथे पाटीसारखा काळा रंग होता. हवेत वाळू उडत होती, तिच्यात मधूनच एखादा जाड थेंब काचेवर येऊन चिखलाचा ठिपका करून जाई.

मागून हिबा म्हणाली, "पप्पा, द रडार इज लिटरली पर्पल."

"सहानंतर," मी म्हटलं.

"इट्स पर्पल नाऊ."

"अहो, परत फिरायचं का?" शहरबानूने विचारलं.

आता इथे मी परत फिरायला हवं होतं. पण मागे टिपणीस होते. शेडपासून सात किलोमीटरवरून गाडी परत आणली हे त्या माणसाला सांगण्यापेक्षा मी पुढे जाणं पसंत केलं. शहाणी माणसं पुरात का सापडतात याचं उत्तर माझ्याकडे आहे : त्यांच्या पहिल्या मजल्यावर कुणीतरी राहत असतं.

रस्ता डोंगरात शिरला. दोन्ही बाजूंना उघडा, करडा दगड. झाड नाही, गवत नाही. गाडीतलं थर्मामीटर तेवीसवरून अकरावर आलं. एका वळणावर रस्ता खाली उतरून वादीच्या पात्रातून पलीकडे जात होता. पूल नाही, नुसता काँक्रीटचा पट्टा, तीसेक मीटर रुंद. त्यावरून पाण्याची बोटभर जाडीची चादर सरकत होती. मी गाडी थांबवली.

"किती खोल असेल?"

"ॲपमध्ये बघ," अब्बा म्हणाले.

मी स्टिअरिंग धरून बसलो. बुटात पाणी गेलं तर, असा विचार माझ्या मनात चालला होता. ते मी आज कबूल करतो. अब्बांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, स्वेटर आणि मोबाईल सीटवर टाकला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि माझी काळी छत्री काठीसारखी घेऊन उतरले.

"अब्बा, तुम्ही नका जाऊ," शहरबानू म्हणाली.

"घोट्याएवढं पाणी आहे, बानू. मी काय हे पाणी बघितलं नाही?"

छत्री टेकवत ते आरामात चालत पलीकडे गेले. पलीकडच्या काठावर उभे राहून त्यांनी हात हलवला. या! मी पहिला गिअर टाकला. पुढची चाकं काँक्रीटवर आली.

तेवढ्यात आवाज आला. डंपरने खडी ओतावी तसा. मला वाटलं, उमरची खाण जवळ आली वाटतं. पण खडी ओतून संपते, हा आवाज संपेना. वाढत गेला.

"मागे!" शहरबानू किंचाळली. "मागे घ्या! मागे!"

मी रिव्हर्स टाकला आणि पाय दाबला. गाडी मागे उडी मारून एका दगडावर आदळली, मागचा दिवा फुटल्याचा आवाज आला. आणि समोरच्या वळणावरून पाणी आलं. पाणी म्हणायचं म्हणून म्हणतो. तो तपकिरी, जिवंत चिखल होता, माणसाच्या कमरेएवढा उंच, आणि त्याच्या तोंडाशी झुडपं, प्लास्टिकचे पिंप आणि माठाएवढे दगड एकमेकांवर आपटत येत होते. जिथे आमची पुढची चाकं होती तिथून ते सगळं गेलं. जमीन थरथरत होती. स्टिअरिंगमधून ती थरथर माझ्या दातांपर्यंत आली.

मी गाडी अजून वर घेतली आणि गारा सुरू झाल्या. आधी हरभऱ्याएवढ्या, मग बोराएवढ्या. छपरावर असा मार की गाडीत एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. माझे हात आपोआप चालले. मी उतरलो, डिकी उघडली, गोधडी काढली आणि डोक्यावर गारा खात ती बॉनेटवर पसरायला लागलो. काच फुटली तर हिबाला लागेल, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. पण गोधडी बॉनेटवर होती.

शहरबानू खाली उतरली. डोक्यावरची ओढणी ओली होऊन चिकटलेली. तिने माझ्या हातातल्या गोधडीच्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अब्बा कुठे आहेत?" तिने विचारलं.

पलीकडच्या काठावर कुणी नव्हतं. गारांचा पांढरा पडदा, त्यामागे दगड, आणि अब्बा उभे होते त्या जागेवर पाणी.

मी हाका मारल्या. शहरबानूने मारल्या. त्या आवाजात आमचे आवाज आम्हालाच येत नव्हते. मी धावत जाऊन हॉर्न दाबून धरला. मग शहरबानूने हात वर करून बोट दाखवलं. पाण्यातून माझी छत्री चालली होती. अर्धी उघडलेली, गोल गोल फिरत, दगडाला अडकली, सुटली, वळणावरून गेली.

शहरबानू रडली नाही. ओरडली नाही. ती छत्री गेली त्या वळणाकडे बघत उभी राहिली. अठरा वर्षांच्या संसारात मी तिचा राग पाहिला आहे, रडणं पाहिलं आहे. ती गप्प उभी राहिलेली मी पहिल्यांदा पाहिली, आणि पाण्याहून जास्त मला त्याची भीती वाटली.

हिबाने तोवर पोलिसांना फोन लावला होता. माझी पोरगी, जी घरी पाणी मागायलासुद्धा मेसेज करते, ती स्पष्ट आवाजात लोकेशन सांगत होती. "माय ग्रँडफादर. सेव्हन्टी टू. ब्लू शर्ट. नो, ही डझन्ट हॅव हिज फोन." मग ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "पप्पा, दे से डू नॉट एंटर द वॉटर. दे सेड इट ट्वाइस."

मी कमरेला नायलॉनची दोरी बांधत होतो.

"तुम्हाला पोहता येतं?" शहरबानूने विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काय करू, बानू?"

दुसरं टोक तिने हाताला गुंडाळलं. मी काठाने चार पावलं पाण्यात गेलो. पाणी बर्फासारखं होतं. गुडघ्यापर्यंत आलो तोच एक दगड नडगीवर बसला आणि मी आडवा झालो. नाकातोंडात वाळू गेली. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. मग कमरेला हिसका बसला. मायलेकींनी मला बकरी ओढावी तसं ओढून काठावर आणलं. मी चिखलात पालथा पडलो होतो, बूट एकच होता, आणि त्याच क्षणी पोलिसांची गाडी येऊन थांबली. प्रतिष्ठेची वेळ चुकायची म्हटली की अशी चुकते.

तरुण अधिकारी उतरला. त्याने आधी माझ्या कमरेची दोरी पाहिली, मग बॉनेटवरची गोधडी.  वायरलेसवर अरबीत बराच वेळ बोलला. पलीकडून दुसरी टीम येतेय म्हणाला. आम्ही मात्र इथून लगेच निघायचं. वर अजून पाऊस पडतोय, पाणी वाढणार.

"मी इथून हलणार नाही," शहरबानू म्हणाली.

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. हिंदी त्याची मोडकी होती, आवाज मऊ होता. "सिस्टर, अभी मेरा पास एक प्रॉब्लेम. आप इधर बैठेगा, तो चार प्रॉब्लेम. आप नीचे जाओ. मैं बाबा को ढूँढेगा, इन्शाल्ला."

तिला गाडीत मी बसवलं नाही. हिबाने बसवलं.

खाली हमरस्त्याला लागून एक पेट्रोल पंप होता, त्याला जोडून एका मल्याळी माणसाची लहानशी कॅफेटेरिया. आम्ही आत बसलो. त्याने न विचारता गरम पाणी आणि टॉवेल दिला. घड्याळात पावणेतीन झाले होते. शहरबानू अब्बांचा स्वेटर मांडीवर घेऊन, ओठ हलवत कुराणातल्या आयती पढत होती. मी समोर बसलो होतो, पण तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. त्यांना कुणी पाठवलं होतं पाण्यात? मी तोंडाने पाठवलं नव्हतं. पण गाडी थांबवून बसलो होतो ना मी, आपल्याला उतरावं लागू नये म्हणून.

मोबाईल वाजला. सगळे दचकलो. टिपणीस होते. "काय रे, गाडी सेफ ना?" मी फोन बंद केला. मग पोलिसांचा येईल म्हणून घाईघाईने पुन्हा चालू केला.

साडेतीन. पावणेचार. उमरचा फोन लागत नव्हता. बाहेर पाऊस, मध्येच गारांचा एखादा सपकारा, मग पुन्हा पाऊस. दर गाडीच्या दिव्याला शहरबानू अर्धी उठायची आणि बसायची. मी मनात वाक्यं जुळवत होतो. गावी मेव्हण्याला फोन करून काय सांगायचं, कुठल्या शब्दापासून सुरुवात करायची. ती वाक्यं मला आजही पाठ आहेत.

चार वाजून दहा मिनिटांनी एक जुनी पिकअप पंपावर वळली. मागे ताडपत्रीखाली सहा-सात बकऱ्या दाटीने उभ्या. चालवणारा म्हातारा अरब, आणि त्याच्या शेजारी करड्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली एक आकृती.

शहरबानू धावली. दार उघडायच्या आत तिने काचेवर हात आपटले. अब्बा उतरले, तिने त्यांच्या खांद्यावर दोन्ही मुठींनी मारलं आणि मग तिथेच, पावसात, मोठ्याने रडली. हिबाने त्यांच्या कमरेला मिठी मारली. "नाना, यू आर सो कोल्ड!"

"अरे, काय झालं काय एवढं?" अब्बा म्हणाले. "घाबरलात होय? पाणीच तर आलं."

त्या म्हाताऱ्याचं नाव सईद. तो बकऱ्या आत घ्यायला वर गेला होता. त्याला अब्बा रस्त्याच्या वरच्या बाजूला एका खडकाशी सापडले. त्याने आधी बकऱ्या भरल्या, मग अब्बांना बसवलं, आणि डोंगरावरच्या कच्च्या वाटेने फिरून दोन तासांत हमरस्त्यावरच्या या पहिल्या पंपावर आणलं. मी त्याचे दोन्ही हात धरले. मला अरबी येत नाही आणि त्या वेळी मराठीही येत नव्हती. त्याने माझ्या चिखलाच्या अवताराकडे पाहून विचारलं, "वादी?" मी मान हलवली. तो म्हणाला, "खलास, हबीबी. खलास," आणि माझा गाल थोपटला. पन्नाशीला आलेल्या माणसाचा गाल.

हिबाने पोलिसांना फोन करून नाना सापडल्याचं कळवलं. शहरबानू सईदला जेवल्याशिवाय जाऊ देईना. बिर्याणीचा डबा काढायला ती आणि हिबा गाडीकडे गेल्या. आत टेबलाशी मी आणि अब्बा राहिलो. समोर कडक चहा. अब्बांनी कप उचलला आणि चहा त्यांच्या बोटांवर सांडला. कप खाली ठेवताना बशी वाजत राहिली. मी माझा हात त्यांच्या हाताखाली धरला.

"थंडी आहे," मी म्हटलं.

"थंडी नाही," अब्बा म्हणाले. बाहेर बघून त्यांनी आवाज खाली आणला. "पाणी आलं ना, मुबीन, तेव्हा मी पळालो. छत्री टाकली आणि पळालो. तुम्ही पाण्यात होतात की बाहेर, मी मागे वळून बघितलंच नाही. माझी पोर होती तिथे. नात होती. मी खडकाच्या मागे डोळे मिटून बसलो. तो माणूस आला तेव्हाही मिटलेलेच होते."

मी टेबलावर सांडलेला चहा पुसला.

"चौतीस वर्षं दर्यावर कधी पळालो नाही. आता कळलं का ते. बोटीवर पळायला जागा नसते."

"अब्बा," मी म्हटलं, "मी तेव्हा गाडीवर गोधडी घालत होतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते हसायला लागले, आवाज न करता, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझ्याही आलं असावं, कारण मल्याळी माणूस टिश्यूचा अख्खा डबा ठेवून गेला.

"बानूला बोलू नकोस," ते म्हणाले.

वाहत्या वादीपाशी गाडी नेल्याबद्दल पोलिसांनी रीतसर दंड केला. हिबाने मेसेज वाचून दाखवला, शहरबानूने लगेच रुपयांत सांगितला, आणि माझी त्यावर काही तक्रार नाही. काचेला तडा, बॉनेटवर गारांचे खळगे, मागचा दिवा नाही. उमरचा फोन रविवारी सकाळी लागला. त्याच्याकडे शेडमध्ये जागा होती म्हणे. तो दिवसभर वाट बघत होता.

रविवारी दुपारी टिपणीस, अपर्णा वहिनी आणि दुसऱ्या मजल्यावरचा नीरव असे सगळे आमच्याकडे चौकशीला आले. अब्बा सोफ्यावर पाय घेऊन बसले होते. त्यांनी सगळं सांगितलं. पाणी आलं तेव्हा आपण काठावर कसे खंबीर उभे होतो, दोन्ही हात वर करून मुबीनला 'मागे घे, मागे घे' असं कसं ओरडत होतो, मग शांतपणे उंच जागा बघून, वारा कुठला आहे ते ताडून खडकाच्या आडोशाला कसे बसलो. दोरीचा प्रसंग त्यांना हिबाने सांगितला होता. तो त्यांनी उठून करून दाखवला. माझं पडणं, माझा एक बूट, मला ओढून काढणं. अपर्णा वहिनींना हसून ठसका लागला.

टिपणीस माझ्याकडे वळले. "म्हणजे सासरे ढिम्म हलले नाहीत, आणि तू हा असा पाण्यात लोळत होतास? खरं की काय, मुबीन?"

अब्बा माझ्याकडे बघत नव्हते. ते स्वेटरची बाही सरळ करत होते. दाराशी चहाचा ट्रे घेऊन शहरबानू उभी होती.

"खरं आहे," मी म्हटलं. "मी फार घाबरलो होतो. अब्बा होते म्हणून."